वॉर्सॉचं वार्तापत्र : नव्वद दिवसांचा हिशेब

मार्च उजाडला, महाबळेश्वरकडचा स्ट्रॉबेरीचा हंगाम उतरणीला लागला की इकडे वॉर्सॉतल्या मराठी घरांत फोन खणखणू लागतात. पावसाळ्याचे चार महिने धुक्यात आणि ओलीत काढण्यापेक्षा मुलाकडे, लेकीकडे जाऊन यावं, असं भिलार-पाचगणीकडच्या आईवडिलांना वाटतं. जून म्हणजे इथे ऐन उन्हाळा. रात्री नऊपर्यंत उजेड, आणि रस्तोरस्ती पोलिश स्ट्रॉबेरीच्या टोपल्या. येण्यासारखाच महिना आहे. प्रश्न दोनच असतात: व्हिसा किती दिवसांचा मिळतो, आणि आल्यावर तो वाढवून घेता येतो का? पहिल्याचं उत्तर जरा बैजवार द्यावं लागतं. दुसऱ्याचं आधीच सांगून टाकतो. वाढवून मिळेल असं धरून परतीचं तिकीट काढू नका.

वाढवून मिळण्याची अपेक्षा बहुतेक अमेरिकेहून आलेली असते. तिकडे पाहुणा उतरला की अधिकारी सहसा सहा महिने देतो, आणि मुदत संपण्याआधी वाढीचा अर्जही करता येतो. ज्याचा भाऊ न्यू जर्सीत आहे, त्याला वाटतं की पोलंडातही तसंच असणार. पण पोलंड २१ डिसेंबर २००७ पासून शेंगेन करारात आहे. आज या करारात २९ देश आहेत आणि अल्प मुदतीच्या पाहुण्यासाठी त्या सगळ्यांचा नियम एकच: कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. वॉर्सॉत राहिलेले, प्रागला फिरून आलेले, पॅरिसला भाचीकडे काढलेले, सगळे दिवस एकाच खात्यात जमा होतात.

व्हिसाचा स्टिकर हातात आला की तो नीट वाचायला हवा, कारण घोटाळा तिथेच होतो. समजा स्टिकरवर ‘ओद’ या पोलिश शब्दापुढे १० जून आहे, ‘दो’पुढे २२ सप्टेंबर आहे, आणि खाली मुक्कामाच्या रकान्यात ९० हा आकडा आहे. ‘ओद’ म्हणजे पासून, ‘दो’ म्हणजे पर्यंत. लोक २२ सप्टेंबर वाचतात आणि तोवर राहता येईल असं समजून तिकीट काढतात. वास्तविक त्या दोन तारखा म्हणजे दार उघडं असण्याचा काळ. प्रवास पुढेमागे झाला तर अडचण नको म्हणून मुक्कामापेक्षा पंधरा दिवस सहसा जास्त दिलेले असतात. राहण्याची परवानगी मात्र ९० दिवसांचीच. १० जूनला उतरलात तर ७ सप्टेंबर हा तुमचा नव्वदावा दिवस, कारण उतरण्याचा दिवसही मोजला जातो आणि निघण्याचाही. कधी ९० ऐवजी ३० किंवा ४५ लिहिलेले असतात. मग तेवढेच.

पुढचा हिशेब आणखी महत्त्वाचा. बहुवेळ प्रवेशाचा, वर्षभराचा व्हिसा हातात असला तरी ७ सप्टेंबरला ९० दिवस पुरे करून परतलेल्या आईला दिवाळीला पुन्हा येता येत नाही. ज्या दिवशी यायचं त्या दिवसापासून मागे १८० दिवस मोजायचे आणि त्यातले शेंगेनमध्ये काढलेले दिवस पाहायचे. जूनचे दिवस गळायला लागेपर्यंत ७ डिसेंबर उजाडतो. नातवंडांबरोबर दिवाळी हवी असेल तर उन्हाळ्यातला मुक्काम कमी करून तेवढे दिवस राखून ठेवायला हवेत. युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर हे दिवस मोजून देणारं यंत्र फुकट आहे. तिकिटाआधी मुलांनी एकदा तरी त्यात तारखा घालून पाहाव्यात.

मुदतवाढीला अपवाद आहेत, पण ते संकटाचे आहेत. आईचं हाड मोडलं आणि डॉक्टरांनी विमानप्रवासाला मनाई केली, युद्ध किंवा नैसर्गिक आपत्तीमुळे उड्डाणंच बंद पडली, अशा वेळी प्रांताच्या प्रशासकाकडे, म्हणजे इथल्या व्होयव्होदाकडे अर्ज करता येतो. तो व्हिसा चालू असतानाच करायचा. आपत्ती किंवा माणुसकीचं कारण असेल तर शुल्क नाही. अचानक उद्भवलेल्या गंभीर वैयक्तिक कारणासाठी ३० युरो. सुनेचं बाळंतपण लांबलं, नातवाचं बारसं राहिलं, ही कारणं आपल्या दृष्टीने कितीही मोठी असली तरी त्यावर मुदत मिळेल अशी आशा धरू नये. मुदत उलटून राहणं आता लपतही नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर टप्प्याटप्प्याने नवी नोंद सुरू झाली. शिक्क्याच्या जागी चेहरा आणि बोटांचे ठसे संगणकात जातात, दिवस आपोआप मोजले जातात.

आता कागदांचं. महाराष्ट्रातले अर्ज पोलंडच्या मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाकडे जातात. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी तरी तो गेलाच पाहिजे. निर्णयाची मुदत पंधरा दिवसांची असली तरी ती पंचेचाळीसपर्यंत ताणली जाऊ शकते. जूनला यायचं असेल तर मार्च-एप्रिलमध्येच हालचाल करावी. प्रौढांना शुल्क ९० युरो, सहा वर्षांखालच्या मुलांना नाही. ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. पासपोर्ट परतीनंतर तीन महिने तरी चालू हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत.

खरी अडचण शेतकरी आईवडिलांची होते. नोकरदाराकडे पगाराची पावती असते, पेन्शनरकडे बँकेचं पुस्तक. महाबळेश्वर तालुक्यातल्या स्ट्रॉबेरीवाल्याकडे काय असतं? वर्षाची कमाई चार-पाच महिन्यांत येते, काही व्यापाऱ्याकडून रोखीने, काही प्रक्रिया कारखान्याकडून खात्यात. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे आयकराचं विवरणही पुष्कळदा भरलेलं नसतं. दूतावासातल्या अधिकाऱ्याला खात्यात आठ महिने शांतता आणि मग एकदम रक्कम दिसते, आणि ही रक्कम दाखवण्यापुरती भरली की काय अशी शंका येते. म्हणून सातबारा, मालाच्या पावत्या, पीककर्जाचे कागद जोडावेत, त्यांची इंग्रजी भाषांतरं द्यावीत, आणि वर एका पानात हंगाम कधी सुरू होतो, पैसे कधी येतात, सप्टेंबरात लागवडीसाठी परत का जावंच लागतं, हे साध्या शब्दांत लिहावं. लागवडीची तारीख ही परत जाण्याची सगळ्यात भक्कम खूण आहे, आणि नेमकी तीच आपली माणसं लिहायची विसरतात.

इकडून मुलाने करायचं काम म्हणजे ‘झाप्रोशेन्ये’, सरकारदरबारी नोंदवलेलं आमंत्रण. वॉर्सॉतल्या माणसाने ते माझोव्येत्स्की प्रांताच्या कार्यालयात नोंदवायचं. शुल्क २७ झ्लोटी. साधं पत्र पाठवूनही लोक येतात, पण या कागदाने यजमान पाहुण्याचं राहणं, दवाखाना आणि परतीचा खर्च कायद्याने अंगावर घेतो, म्हणून आईवडिलांच्या अर्जाला त्याचा आधार होतो. मूळ कागद कुरियरने भारतात पाठवावा लागतो, तेवढे दिवस हिशेबात धरा.

अर्ज नाकारला तर छापील कागद येतो आणि त्यावर कारणापुढे खूण असते. बहुतेकदा ती ‘परत जाण्याचा इरादा पटला नाही’ या अर्थाच्या ओळीपुढे असते. साठी उलटलेल्या, स्वतःचं घर-शेत असलेल्या माणसाला ते वाक्य फार लागतं. खचून न जाता चौदा दिवसांच्या आत फेरविचाराचा अर्ज करता येतो, आणि राहिलेला कागद जोडून तो जरूर करावा.

मुंबईहून आलेले अर्ज बारकाईने तपासले जातात, त्यामागे इथला इतिहास आहे. २०२३ साली पैसे घेऊन व्हिसे दिल्याचं प्रकरण पोलंडमध्ये उघडकीला आलं. परराष्ट्र उपमंत्र्यांना पद सोडावं लागलं, पुढे संसदेची चौकशी समिती बसली. चित्रपटाच्या चमूच्या नावाखाली मुंबईतून माणसं आणल्याच्या बातम्या इथल्या पत्रांनी दिल्या. त्याची झळ आज प्रामाणिक माणसाला बसते, याचं मला वाईट वाटतं.

वाईट वाटण्याचं कारण या देशाचं आणि आपल्या मुलखाचं नातं. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत फौजांनी सैबेरियात नेलेले पोलिश नागरिक इराणमार्गे हिंदुस्थानात आले. १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवडे इथे सुमारे पाच हजारांची वस्ती होती. बहुतेक बायका आणि मुलं. छातीच्या विकाराने खंगलेल्यांना पाचगणीच्या हवेत ठेवलं होतं. त्या मुलांपैकी कित्येकांनी पुढे जन्मभर कोल्हापूरची आठवण जपली, आणि वॉर्सॉत मोन्ते कासिनोच्या युद्धस्मारकाजवळ कोल्हापूरचं नाव कोरलं गेलं. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताचे पंतप्रधान तिथे फुलं वाहून आले. आणि २७ फेब्रुवारी २०२२ ला, युक्रेनमधून पळणारे भारतीय विद्यार्थी सीमेवर थंडीत अडकले असताना, पोलंडच्या दिल्लीतल्या राजदूतांनी जाहीर केलं की त्यांना व्हिसाविना आत घेऊ. हजारो मुलं त्या वाटेने घरी पोचली. ही दोन्ही दारं कागद न मागता उघडली गेली, हे दोन्ही देशांनी विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

नियमाने वागणाऱ्याला थोडी सवलतही आहे. एप्रिल २०२४ च्या निर्णयानुसार भारतात राहणाऱ्या ज्या भारतीयाने तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे मिळवून नीट वापरले, त्याला पुढचा व्हिसा दोन वर्षांचा, आणि त्यानंतरचा पाच वर्षांचा मिळू शकतो. नव्वदाचा नियम त्यातही सुटत नाही, पण दरवर्षी कागदांची फाईल घेऊन मुंबई गाठणं वाचतं.

शेवटी तरुण मुलांसाठी. पोलंड हा युरोपातला मोठा स्ट्रॉबेरी उत्पादक, त्यामुळे ‘तुला तर काम येतंच, आधी पर्यटन व्हिसावर जा, तिथे शेतावर लावून देतो’ असं सांगून वाई-महाबळेश्वर, तासगाव-विटा भागातल्या पोरांकडून कोणी लाखो रुपये मागितले तर देऊ नका. पर्यटन व्हिसावर इथे काम करणं बेकायदा आहे. पकडला गेलेला मुलगा परत धाडला जातो आणि पुन्हा येण्यावर बंदी येऊ शकते. कामाच्या परवान्याचा अर्ज पोलंडमधला मालक करतो, मुलगा किंवा एजंट नाही. परवान्यावर मालकाचं नाव, कामाचं स्वरूप आणि पगार लिहिलेला असतो. तो कागद आधी मागा, मालकाचं नाव इथल्या ओळखीच्या माणसाकडून तपासून घ्या, आणि ९० दिवसांहून जास्त काम असेल तर ‘डी’ प्रकारच्या व्हिसासाठीच अर्ज करा.