फुरशाची लांबी आणि डॉक्टरची काचनळी

भारतात फुरशाच्या दोन उपजाती मानतात. श्नायडरने १८०१ मध्ये वर्णन केलेली ‘कॅरिनेटस’ दक्षिणेकडच्या पठारावर आढळते. स्टेमलरने १९६९ मध्ये वेगळी काढलेली ‘सोचुरेकी’ राजस्थानापासून पाकिस्तानाकडे पसरलेली आहे. पहिली सहसा फूट-सव्वा फुटाची, तर दुसरी ऐंशी सेंटिमीटरपर्यंत वाढू शकते. एवढा फरक म्हटल्यावर टेप लावला की निकाल लागेल, असे कुणालाही वाटेल. पण उत्तरेकडचे अर्धवट वाढलेले फुरसे आणि दक्षिणेकडचे पूर्ण वाढलेले फुरसे एकाच मापाची भरू शकतात. वय ठाऊक नसेल तर नुसती लांबी काहीच सांगत नाही. नक्षी त्यापेक्षा बरी म्हणावी, तर रंग राखाडीपासून विटकरीपर्यंत बदलतो, पाठीवरचे फिकट ठिपके आणि कुशीवरची नागमोडी पांढरी रेघ कधी ठळक, कधी पुसट असते. साप कुठे सापडला, ही नोंद मला या दोन्हींपेक्षा भरवशाची वाटते. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर, म्हणजे यवतमाळात काय नि आदिलाबादेत काय, भेटेल ती दक्षिणेकडचीच उपजात.

यावर कुणी म्हणेल, मग फुटाएवढा, नक्षीदार साप दिसला की फुरसेच समजायचे का? नाही. मांजऱ्या साप नक्षीने त्याच्या इतका जवळ जातो की भलेभले फसतात. त्याच्या डोक्यावर मोठे, गुळगुळीत खवले असतात. फुरशाच्या डोक्यावर बारीक, मधोमध कणा असलेले खवले असतात आणि बहुधा पक्ष्याच्या पावलासारखी खूण दिसते. अमेरिकेतला रॅटलस्नेक शेपटीचा खुळखुळा वाजवतो. फुरसे वेटोळी एकमेकांवर घासून अंगाच्या करवती खवल्यांतूनच खरखर काढते. अर्थात हे सारे लांबून घेतलेल्या फोटोत बघायचे, हातात धरून नव्हे.

उपजातीची चिकित्सा निव्वळ हौस आहे, हा दुसरा आक्षेप मात्र मला मान्य नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवरचे आपले प्रतिविष मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुला सहकारी संस्थेने काढलेल्या विषावर बनते, आणि थरच्या वाळवंटातल्या फुरशाच्या दंशावर ते कमी पडत असल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. म्हणजे हा प्रश्न प्रतिविष बनवणाऱ्यांचा आणि अभ्यासकांचा आहे. दंश झालेल्याच्या घरच्यांनी तो डोक्यावर घेऊ नये. साप मारून पिशवीत घालून नेण्यात वेळ जातो, शिवाय दुसऱ्यालाही दंश होण्याची भीती असते. रुग्णालयात दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतात. ते गोठले नाही, तर विष रक्तात भिनले आहे असे धरून प्रतिविष सुरू होते. त्यासाठी सापाची लांबी कुणी विचारत नाही. रक्त पहिल्या वेळी गोठले तरी चाचणी पुन्हा करावी लागते, म्हणून दंशानंतर बरे वाटले तरी रुग्णाला लगेच घरी नेऊ नका.