शक्ती (संगीतसमूह)

शक्ती हा इंग्लिश गिटारवादक जॉन मॅकलॉफलिन आणि मुंबईत जन्मलेले तबलावादक झाकीर हुसेन यांच्या पुढाकाराने १९७० च्या दशकात स्थापन झालेला संगीतसमूह आहे. हिंदुस्तानी संगीत, कर्नाटक संगीत आणि जॅझ यांचा मेळ घालणारा हा समूह सुरुवातीच्या काळात संपूर्णपणे अकूस्टिक वाद्यांवर आधारलेला होता. त्यात इलेक्ट्रिक गिटार, बास गिटार, ड्रमसंच किंवा सिंथेसायझर यांपैकी काहीही नव्हते. प्रोग्रेसिव्ह रॉक आणि जॅझ-रॉक यांमध्ये आढळणारी दीर्घ रचना, गुंतागुंतीची लय आणि वादनकौशल्य ही वैशिष्ट्ये त्या शैलींच्या कर्कश ध्वनीवाचून कशी साधता येतात, याचे उदाहरण म्हणून शक्तीच्या १९७६ ते १९७७ या काळातील तीन अल्बमकडे पाहिले जाते.

पार्श्वभूमी

मॅकलॉफलिन यांचा जन्म ४ जानेवारी १९४२ रोजी इंग्लंडमधील डॉन्कास्टर येथे झाला. त्यांनी १९७१ मध्ये महाविष्णू ऑर्केस्ट्रा हा समूह स्थापन केला. 'द इनर माउंटिंग फ्लेम' (१९७१) आणि 'बर्ड्स ऑफ फायर' (१९७३) हे या समूहाचे अल्बम विषम मात्रांची आवर्तने, प्रचंड वेग आणि डिस्टॉर्शनयुक्त इलेक्ट्रिक गिटार यांसाठी ओळखले जातात. प्रोग्रेसिव्ह रॉकच्या श्रोत्यांवर आणि वादकांवर त्यांचा मोठा प्रभाव पडला.

डिस्टॉर्शन म्हणजे ध्वनीचे हेतुपुरस्सर केलेले विरूपण. ध्वनिवर्धकाला त्याच्या क्षमतेपेक्षा तीव्र विद्युत संकेत दिला की ध्वनिलहरींची शिखरे छाटली जातात. त्यामुळे मूळ स्वराबरोबर अनेक नवे उपस्वर निर्माण होतात, आवाज खरखरीत व भरीव होतो आणि छेडलेला स्वर दीर्घकाळ टिकून राहतो. इलेक्ट्रिक गिटार आणि डिस्टॉर्शन या दोन गोष्टी एकच नव्हेत. इलेक्ट्रिक गिटारवर स्वच्छ, विरूपणरहित नादही काढता येतो. मात्र १९७० च्या दशकातील रॉक संगीतात विरूपित नाद हा जवळजवळ प्रमाण मानला जात होता.

याच काळात मॅकलॉफलिन अमेरिकेतील वेस्लियन विद्यापीठात डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे वीणावादन शिकत होते. कर्नाटक शैलीचे व्हायोलिनवादक एल. शंकर यांचा आणि मृदंगमचे शिक्षक रामनाड राघवन यांचाही या विद्यापीठाशी संबंध होता. उस्ताद अल्लारखाँ यांचे पुत्र झाकीर हुसेन हे कॅलिफोर्नियातील अली अकबर संगीत महाविद्यालयात तबला शिकवत असत. या चौघांना घटमवादक टी.एच. विनायकराम येऊन मिळाले आणि शक्तीचा पहिला संच तयार झाला. महाविष्णू ऑर्केस्ट्राचे काम चालू असतानाच मॅकलॉफलिन या नव्या समूहाकडे वळले होते.

गिटारची रचना

साध्या अकूस्टिक गिटारवर भारतीय राग वाजवताना दोन अडचणी येतात. तिच्या पडद्यांमुळे स्वर एकमेकांपासून तुटक राहतात, त्यामुळे मींड आणि गमक घेणे कठीण जाते. तसेच छेडलेला स्वर लवकर विरतो. डिस्टॉर्शनने यातील दुसरी अडचण आपोआप सुटत असे, पण शक्तीत तो मार्ग नव्हता.

त्यामुळे वाद्यातच बदल करण्यात आले. वाद्यनिर्माते एब्रहम वेक्टर यांच्या सहभागाने गिब्सन कंपनीच्या जे-२०० या गिटारच्या धर्तीवर मॅकलॉफलिन यांच्यासाठी खास गिटार तयार झाली. तिच्या दांडीवरील दोन पडद्यांमधले लाकूड खोलगट कोरलेले होते. त्यामुळे बोट लाकडाला न टेकता तार दाबता व ओढता येई आणि एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर वीणेप्रमाणे सरकत जाता येई. मुख्य सहा तारांखेरीज नादछिद्रावरून तिरप्या जाणाऱ्या सात तारा बसवलेल्या होत्या. सतारीच्या तरफांप्रमाणे या तारा गुंजत राहत आणि चिकारीप्रमाणे त्या छेडून आधारस्वरही देता येत असे. विरत जाणाऱ्या स्वरामागची पोकळी अशा रीतीने भरून निघाली.

सांगीतिक वैशिष्ट्ये

शक्तीच्या संगीतात पाश्चात्त्य अर्थाने स्वरसंवादांची साखळी फारशी नाही. गिटार आणि व्हायोलिन एकच बांधीव स्वरवाक्य एकत्र वाजवतात, त्यानंतर प्रत्येक वादक क्रमाने विस्तार करतो आणि शेवटी सर्वजण पुन्हा त्या स्वरवाक्याकडे येतात. रागसंगीतातील मुखड्याकडे परतण्याची रीत आणि जॅझमधील स्वैर विस्ताराची रीत यांचा येथे संगम होतो.

तालाच्या अंगाने या समूहाचे वेगळेपण अधिक ठळक आहे. तबला हे हिंदुस्तानी परंपरेतील, तर घटम व मृदंगम ही कर्नाटक परंपरेतील वाद्ये आहेत. दोन्ही परंपरांचे बोल, मात्रांची विभागणी आणि तिहाईची गणिते निराळी असल्याने त्यांचे एकत्र वादन त्या काळी सर्रास होत नसे. शक्तीत ती केवळ शेजारी बसली नाहीत, तर सवाल-जवाबातून एकमेकांची भाषा बोलू लागली. ड्रमसंचाच्या अभावी लयीचा सगळा भार हाताने वाजवायच्या वाद्यांवर आला. त्यांचा आवाज मर्यादित असल्याने गिटार व व्हायोलिनचे बारकावे झाकले गेले नाहीत.

शक्तीचे संगीत नादाने मृदू असले तरी ते सर्वत्र संथ नाही. अनेक रचनांतील द्रुत वादन महाविष्णू ऑर्केस्ट्राइतकेच वेगवान आहे.

अल्बम

'शक्ती विथ जॉन मॅकलॉफलिन' (१९७६) : हे ५ जुलै १९७५ रोजी न्यू यॉर्क राज्यातील साउदॅम्प्टन महाविद्यालयात झालेल्या मैफलीचे ध्वनिमुद्रण आहे. त्यात तीनच रचना असून शेवटची सुमारे २९ मिनिटांची आहे. 'जॉय' ही रचना अतिद्रुत, तर 'लोटस फीट' ही शांत व छोटी आहे. 'लोटस फीट' महाविष्णू ऑर्केस्ट्राच्या 'इनर वर्ल्ड्स' (१९७६) या अल्बममध्येही सिंथेसायझरच्या साहाय्याने वाजवलेली आहे. एकाच रचनेची इलेक्ट्रिक व अकूस्टिक रूपे ताडून पाहण्यासाठी ही दोन ध्वनिमुद्रणे उपयोगी ठरतात.

'अ हँडफुल ऑफ ब्यूटी' (१९७६) : हा अल्बम लंडनच्या ट्रायडेंट स्टुडिओत मुद्रित झाला. या वेळेपर्यंत राघवन समूहात नव्हते आणि वादकांची संख्या चारवर आली होती. 'इंडिया' व 'आयसिस' या दीर्घ रचना आणि 'टू सिस्टर्स' ही संथ रचना यात आहे.

'नॅचरल एलिमेंट्स' (१९७७) : यातील रचना तुलनेने आटोपशीर आहेत. 'पीस ऑफ माइंड' ही समारोपाची रचना समूहाच्या सर्वांत शांत रचनांपैकी एक आहे.

प्रतिसाद आणि विघटन

तिन्ही अल्बम कोलंबिया कंपनीने प्रकाशित केले. मात्र त्यांची विक्री महाविष्णू ऑर्केस्ट्राच्या पातळीला पोहोचली नाही. विद्युत नादाची सवय झालेल्या श्रोतृवर्गाला हे वळण अनपेक्षित होते. पुढे मॅकलॉफलिन 'इलेक्ट्रिक गिटारिस्ट' (१९७८) या अल्बमद्वारे इलेक्ट्रिक गिटारकडे परतले आणि मूळ समूहाचे काम थांबले. एल. शंकर यांनी नंतर जेनेसिस या प्रोग्रेसिव्ह रॉक समूहाचे माजी गायक पीटर गॅब्रिएल यांच्या 'पॅशन' (१९८९) या अल्बममध्ये वादन केले.

मुंबईशी संबंध

झाकीर हुसेन यांचा जन्म ९ मार्च १९५१ रोजी मुंबईत झाला. त्यांचे बालपण माहीम परिसरात गेले आणि शिक्षण सेंट मायकल शाळा व सेंट झेवियर महाविद्यालयात झाले.

अकूस्टिक वाद्यांतून सलग आशय मांडणाऱ्या अल्बमचे एक महत्त्वाचे उदाहरण शक्तीच्या आधीचे आहे. मराठी भावगीतगायक व एच.एम.व्ही.चे निर्माते जी.एन. जोशी यांच्या निर्मितीतून १९६७ मध्ये 'कॉल ऑफ द व्हॅली' हा अल्बम आला. शिवकुमार शर्मा (संतूर), हरिप्रसाद चौरसिया (बासरी), ब्रिजभूषण काब्रा (गिटार) आणि माणिकराव पोपटकर (तबला) यांनी त्यात काश्मीर खोऱ्यातील एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस अहिरभैरव, भूप, देस, पहाडी अशा रागांतून उभा केला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये मूडी ब्लूज या समूहाचा 'डेज ऑफ फ्यूचर पास्ड' प्रकाशित झाला. प्रोग्रेसिव्ह रॉकच्या आरंभीच्या अल्बममध्ये गणला जाणारा हा अल्बमही पहाट ते रात्र अशा एका दिवसावर बेतलेला आहे. दोन्ही कृती एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. मात्र भारतीय संगीतात रागांच्या समयचक्रामुळे अशा मांडणीची चौकट आधीपासूनच उपलब्ध होती.

पुनरुज्जीवन

१९९७ मध्ये मॅकलॉफलिन, झाकीर हुसेन व विनायकराम पुन्हा एकत्र आले. या वेळी व्हायोलिनऐवजी हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी होती. 'रिमेंबर शक्ती' (१९९९) या नावाने प्रकाशित झालेल्या या ध्वनिमुद्रणातील 'मुक्ती' ही रचना एक तासाहून अधिक लांबीची आहे. त्यानंतर मँडोलिनवादक यू. श्रीनिवास, विनायकराम यांचे पुत्र व्ही. सेल्वगणेश आणि गायक शंकर महादेवन समूहात आले. मॅकलॉफलिन यांनी या पर्वात इलेक्ट्रिक गिटार वापरली, परंतु तिचा नाद प्रामुख्याने स्वच्छ ठेवला. डिसेंबर २००० मध्ये मुंबईत झालेल्या मैफलींवरून 'सॅटरडे नाइट इन बॉम्बे' (२००१) हा अल्बम तयार झाला. त्यातील 'शृंगार' या दीर्घ रचनेत शिवकुमार शर्मा यांचे संतूरवादन आहे. 'कॉल ऑफ द व्हॅली'मधील दोन प्रमुख वादक अशा रीतीने शक्तीच्या वाटचालीत सहभागी झाले.

१९ सप्टेंबर २०१४ रोजी श्रीनिवास यांचे निधन झाले. २०२३ मध्ये समूहाने व्हायोलिनवादक गणेश राजगोपालन यांच्यासह 'धिस मोमेंट' हा अल्बम प्रकाशित केला. त्याला फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोत्कृष्ट जागतिक संगीत अल्बमसाठीचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. १५ डिसेंबर २०२४ रोजी झाकीर हुसेन यांचे सॅन फ्रान्सिस्को येथे निधन झाले. पहिल्या मैफलीपासून २०२३ च्या अल्बमपर्यंत शक्तीच्या प्रत्येक संचात वादन केलेले ते आणि मॅकलॉफलिन हे दोघेच कलाकार होते.