दीक्षाभूमीला निघताना औषधे मांडीवर, पाणी हाताशी

अशोक विजयादशमी जवळ आली की वस्तीत एकच विचारणा सुरू होते : यंदा दीक्षाभूमीला कोण कोण येणार? विहारात वर्गणी जमते, गाडी ठरते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. त्या भूमीवर एकदा तरी जावे, असे घरातल्या आजीपासून नातवापर्यंत सर्वांना वाटते.

पांढरे कपडे, मेणबत्त्या, अंथरूण-पांघरूण आपण आठवणीने भरतो. औषधांची आठवण मात्र गाडी सुटल्यावर होते. मुंबई-पुण्याकडून निघालो तर आख्खी रात्र गाडीत जाते, पुढे ऑक्टोबरचे ऊन आणि गर्दीतले चालणे. म्हणून आम्ही सांगतो, सामान बांधायला घ्याल तेव्हा पहिली पिशवी औषधांची भरा.

औषधांची पिशवी

बीपी, शुगर, फिट, दमा, टीबी यांपैकी कसलीही गोळी चालू असेल तर प्रवासाचे दिवस मोजून त्यावर दोन दिवसांची जादा घ्या. प्रवासात गोळी चुकवू नका. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा, किंवा मोबाईलमध्ये तिचा फोटो काढा. ही पिशवी टपावर टाकू नका, मांडीवर ठेवा. इन्सुलिन असेल तर ते काचेजवळच्या उन्हात ठेवू नये आणि थेट बर्फालाही लावू नये. शुगरच्या माणसाजवळ बिस्किटे व थोडी साखर असावीच. घाम सुटून हातपाय थरथरले तर लगेच साखर द्या.

शिवाय ओआरएसची चार-पाच पाकिटे, तापाची गोळी, कापूस, पट्टी आणि जंतुनाशक मलम घ्या. गाडी लागणाऱ्याला पुढे बसवा, पोटभर जेवू घालू नका.

पाणी तोडू नका

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही. ‘गाडी थांबवा’ म्हणायला लाज वाटते म्हणून आपल्या आया-बहिणी निघण्याआधीच पाणी पिणे बंद करतात. मग डोके दुखते, चक्कर येते, लघवीला जळजळ होते. गरोदर बाईला तर याचा त्रास अधिक. यात दोष बायांचा नाही, गाडी ठरवणाऱ्यांनी आधीच व्यवस्था केली पाहिजे. दर दोन तासांनी गाडी थांबेल, हे निघण्यापूर्वी सर्वांसमोर ठरवा. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह व पिण्याचे पाणी मोफत मिळणे हा आपला हक्क आहे, तिथे थांबा. त्या निमित्ताने म्हाताऱ्या माणसांचे पायही मोकळे होतात. पॅड आणि ते गुंडाळायला जुने वर्तमानपत्र पिशवीत असू द्या.

जुलाब-उलट्या झाल्या तर ओआरएसचे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात कालवून घोट घोट पाजा. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घाला. चमचा चहाचा, लहान घ्या.

घरात सिकलसेल असेल तर

विदर्भात आणि आपल्या समाजात हा आजार बराच आढळतो. शरीरातले पाणी कमी झाले, थंडी लागली किंवा फार दगदग झाली की रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडे-सांधे असह्य दुखतात. अशा मुलाला रात्री उघड्या खिडकीशी बसवू नका, अंगावर शाल द्या, सारखे पाणी पाजा, त्याचे कार्ड व रोजच्या गोळ्या जवळ ठेवा. ताप आला, छातीत दुखले, धाप लागली तर वाट पाहू नका. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही मोठी सरकारी रुग्णालये आहेत.

डबा आणि लेकरे

भाकरी, चपाती, शेंगदाण्याची चटणी, भाजलेले चणे टिकतात. भात आणि रश्शाची भाजी रात्रभर डब्यात नासते, ती नेऊ नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईचे दूधच पुरे. थोड्या मोठ्या लेकरांच्या खिशात नाव आणि घरच्या माणसाचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी घाला.

गाडी आणि ड्रायव्हर

मालवाहू टेम्पोत माणसे भरून जाऊ नका. चार पैसे वाचतात, पण गाडी उलटली तर धरायला काही नसते. रात्रीच्या प्रवासाला दोन ड्रायव्हर ठेवा. एकच असेल तर पहाटेच्या आधी त्याला दोन तास झोपू द्या. दारू प्यायलेल्याच्या हाती स्टेअरिंग देऊ नका. पाचवे शील आपण रोज म्हणतो, ते गाडीतही पाळायचे आहे.

वाटेत काही झाले तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. हा नंबर गाडीतल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

दीक्षाभूमीवरून पुस्तके आणा, नवा विचार आणा, आणि गेलेले सगळे धडधाकट घरी या. जयभीम!