कॉलेजच्या पोरांकडून तीस सेकंदांची जाहिरात करून घ्यायचीय? आधी हे ठरवा!



जाहिरात म्हटलं की आपल्याला चौकातला फ्लेक्स आठवतो, नाहीतर रिक्षावरचा भोंगा. व्हिडिओ म्हणजे मोठ्या कंपन्यांचं काम, असं आपण धरूनच चालतो. पण पाचोरा असो की भडगाव, कॉलेजची पोरं मोबाईलवर सर्रास व्हिडिओ एडिट करतात. त्यांना प्रोजेक्टसाठी खरा विषय हवा असतो, तुम्हाला जाहिरात हवी असते. मग सांगड घाला की!

फक्त पोरांना बोलावण्याआधी एक गोष्ट पक्की करा: गिऱ्हाईकाला नेमकं काय दाखवायचं?

फाळक्यांचा वाटाणा

१९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी लंडनमध्ये कॅमेरा विकत घेतला. चित्रपट काढायचा होता, पण भांडवल नव्हतं. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तो कसा वाढतो ते थोडं थोडं करून चित्रित केलं. पडद्यावर जेमतेम मिनिटभरात रोप उगवताना दिसलं. ते बघून काही जण पैसे द्यायला तयार झाले आणि ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत झळकला.

बघा, फाळक्यांनी "माझा कॅमेरा लय भारी" असं सांगितलं नाही. एकच गोष्ट दाखवली, लोकांचा विश्वास बसला. तुमच्या जाहिरातीचं कामही तेच आहे.

समजा, तुम्ही बिबडे विकता

"उत्तम दर्जा, वाजवी दर, घरपोच सेवा" हे सगळेच म्हणतात. ते सोडा. तीस सेकंद असे वाटा:

- पहिली ५ सेकंदं: कढईत बिबडा फुलतोय. तळण्याचा आवाज येऊ द्या, वर गाणं नको.
- पुढची १५: गच्चीवर कापडावर थापणारे हात, उन्हात वाळणारे बिबडे.
- पुढची ५: ताटात बिबडा, मोडल्याचा 'कुर्रर्र' आवाज.
- शेवटची ५: पॅकेट, नाव, फोन नंबर.

तीस सेकंदांत साठ-सत्तर शब्दांच्या वर नीट बोलता येत नाही. त्यामुळे बोलणं कमीच ठेवा. बोलायचंच असेल तर थापणाऱ्या काकूंना त्यांच्या अहिराणीत बोलू द्या. पुस्तकी मराठी त्यांच्या तोंडी घालू नका.

शूटिंग सकाळी लवकर करा. खान्देशातल्या दुपारच्या उन्हात चेहरे काळे आणि कापड पांढरंफटक दिसतं. स्टेटससाठी मोबाईल उभा धरा. गच्चीवर वारा असतो, म्हणून आवाज घरात वेगळा रेकॉर्ड करा.

इथे सांभाळा

पोरं उत्साहात लिहितात, "हे खा, शुगर गायब!" तिथेच थांबवा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. प्रोजेक्ट पोरांचा असला तरी पॅकेटवर नाव तुमचं आहे. शिवाय एकदा फसलेलं गिऱ्हाईक परत येत नाही, आणि छोट्या गावात ती गोष्ट चार घरी सांगितली जाते.

सिनेमाचं गाणंही परवानगीशिवाय लावू नका. प्रोजेक्टमध्ये चालून गेलं तरी धंद्याच्या जाहिरातीत अडचण होते.

पोरांचंही बघा

"तुम्हाला मार्क मिळतात ना, मग पैसे कशाला?" असं म्हणू नका. जाण्यायेण्याचा खर्च, जेवण आणि जमेल तेवढं मानधन द्या. एका कागदावर लिहून घ्या: व्हिडिओ तुम्ही कुठे वापरणार, पोरं आपलं काम म्हणून तो दाखवू शकतात का, आणि मूळ शूटिंग पेनड्राइव्हवर कधी मिळणार. व्हिडिओत दिसणाऱ्या प्रत्येकाची संमती घ्या.

आजचा गृहपाठ

वही काढा आणि एक वाक्य पूर्ण करा: "माझा माल बघून गिऱ्हाईकाला ______ हे डोळ्यांनी दिसलं पाहिजे."

वाक्य जमलं तर जाहिरात अर्धी झाली. नाही जमलं, तर कॅमेरा बाजूला ठेवा आणि आधी पाच जुन्या गिऱ्हाईकांना विचारा, "तुम्ही माझ्याकडूनच का घेता?" जाहिरात त्यांच्या उत्तरातच सापडेल.

चला, कामाला लागा!