पाठीवरचा पंप, छातीतला पंप

पहाटे ५.३०
डिसेंबरचा गारठा. झरी जामणी तालुक्यातला एक पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती. इथली आशा स्वयंसेविका, आशाताई, चुलीपुढं भाकरी थापतेय. सोबत तुरीचं वरण आणि ठेचा. नवऱ्याला ताटात वरून मीठ लागतं, ती वाढत नाही. यावरून घरात रोज कुरबुर.

६.४५
पिशवी भरली: रजिस्टर, बीपीचं यंत्र, बोट टोचायच्या सुया, स्पिरिट, कापूस. हा कापूस मात्र दुकानातला. यंत्राला चार सेल लागतात. संपले की बऱ्याचदा तिच्याच पैशातून येतात.

बायका कापूस वेचणीला निघायच्या आत घरं गाठायची. मजुरी किलोवर. एखादीला अर्धा तास थांब म्हणणं म्हणजे तिच्या ओट्यातला दोन-तीन किलो कापूस मागणं.

७.१०
आबाजी बाजेवर. गालात खर्रा.
“थुंकून या, आबाजी. अर्ध्या तासानं येतो.”
तंबाखूनं रक्तवाहिन्या आवळतात, आकडा उगाच फुगतो. तोवर ती पुढची दोन घरं करते.

७.४५
पट्टा दंडाला. पाय जमिनीवर, पाठ टेकलेली, बोलायचं नाही. शेवटची अट आबाजींना जड जाते. यंत्र गुरगुरतं. १६८, खाली ९८. १४० आणि ९० च्या पुढं गेलं की जास्त.

“दुखत नाही त कायले खाऊ गोई?”

ताई कोपऱ्यातल्या फवारणी पंपाकडं बोट दाखवते. “नोझल तुंबलं त काय होते?”
“दांडा जड जाते.”
“नळीचं?”
“फुगते. कधी फुटते बी.”
“तसंच. डोक्यात फुटली त लकवा.”

तिच्यासोबत फिरणाऱ्या मला ही शिकवणी आवडली. नुसतं ‘हृदय’ म्हटलं असतं तर म्हाताऱ्यानं मान डोलावून सोडून दिलं असतं. हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त ढकलतं, मिनिटाला पाचएक लिटर. म्हणजे १६ लिटरचा पंप सव्वातीन मिनिटांत रिकामा. पण अंगात रक्तच मुळी पाचएक लिटर. तेच फिरून येतं. विल्यम हार्वेनं १६२८ साली असाच हिशेब मांडला होता: अर्ध्या तासात हृदयातून जातं तेवढं रक्त शरीरात असूच शकत नाही, तेव्हा ते फिरतच असणार.

पाठीवरचा पंप गळला तर त्यातलं फवारणीचं औषध कातडीतून याच फेऱ्यात शिरतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसेक माणसं गेली. आबाजींच्या पंपाला अजून चिंधी बांधलेली आहे, गळतीच्या जागी.

१०.३०
उपकेंद्र. एक आई, दोन लेकरं. चौदा वर्षांच्या पोरीचे गुडघे थंडीनं धरलेत. तिला सिकलसेल आहे. लाल पेशी एरवी गोल, मऊ. हिच्या पेशी ऑक्सिजन सोडला की विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि बारीक वाहिनीत अडकतात. तिथून पुढं रक्त जात नाही, आणि कळ उठते. साधी पेशी १२० दिवस जगते, ही दहा-वीस. म्हणून अंगात रक्त कमी. पाणी भरपूर प्यायचं, गारठ्यात जायचं नाही, फॉलिक ॲसिडची गोळी चुकवायची नाही. पहाटे पाणी भरायला मात्र तीच जाते.

धाकट्याचं बोट सिस्टर टोचते. एक थेंब नळीतल्या द्रावणात. मागं रेघांचा कागद. द्रावण गढूळ. रेघा दिसत नाहीत.

“म्हणजे याले बी?”

गढूळ म्हणजे वाहक किंवा रुग्ण. नेमकं काय, ते पुढच्या तपासणीत ठरेल. आई-बाप दोघं वाहक असले तर दर बाळंतपणाला चारात एक शक्यता आजाराची. सिस्टर हे सावकाश सांगते. मग ताई तेच कोलामीत सांगते. त्याला जास्त वेळ लागतो.

२.००
भाकरी, कांदा. रजिस्टर.

४.००
बाळंतिणीकडं. नवजात बाळाच्या सगळ्या भेटी पुऱ्या झाल्या की २५० रुपये. ही चौथी. ताई बाळाचं वजन घेते, ओठ-नखं निळसर नाहीत ना बघते.

६.३०
वावरातून माणसं परतली. कुणाचा कापूस किती भरला, याचीच चर्चा. ताई पुन्हा आबाजींच्या दारात.

“गोई रोज घेता ना?”
“रोज.”

ती पत्ता मागते. दहा गोळ्यांचा, आठ दिवसांपूर्वी दिलेला. मोजते. सात शिल्लक.

ती काही बोलत नाही. आबाजींची चुन्याची डबी खुंटीला लटकवलेल्या पिशवीत असते. पत्ता त्याच पिशवीत सरकवते, डबीच्या वर. चुना काढायचा तर आधी गोळी हाताला लागणार.