झिजून उजळणारा गप्पीदास

ऑक्टोबरात सासवड-जेजुरीकडच्या माळावर जा. कुसळी गवतातून वर आलेल्या एखाद्या काटकीच्या अगदी शेंड्यावर चिमणीहून लहान पक्षी ताठ बसलेला दिसेल. शेपटी झटकतो, खाली झेपावून किडा टिपतो आणि परत त्याच शेंड्यावर येतो. आवाज दोन गारगोट्या एकमेकींवर आपटल्यासारखा. हा गप्पीदास. लांबी साधारण 13 सेंटिमीटर, वजन 15 ग्रॅमच्या आसपास. आणि आला आहे हिमालयातून, मध्य आशियातून किंवा थेट सायबेरियातून.

नवशिक्या हमखास फसतो तो नराच्या रंगाला. पुस्तकात त्याचं डोकं काळंभोर, मानेच्या बाजूंना पांढरा डाग, छाती नारिंगी. समोरचा पक्षी मात्र मळकट तपकिरी. मार्चमध्ये त्याच माळावर पुस्तकातलं चित्र जिवंत होतं, तेही एकही नवं पीस न फुटता! वीण संपल्यावर आलेल्या नव्या पिसांचा मूळ रंग काळाच असतो, फक्त कडा फिकट तपकिरी. पिसाला बळकटी देणारं काळं रंगद्रव्य या कडांमध्ये कमी, म्हणून त्या ऊन, वारा आणि गवताच्या घासणीने आधी झिजतात. खालचा काळा रंग उघडा पडतो. नटण्यासाठी झिजणं, ही युक्ती मला मोराच्या पिसाऱ्याइतकीच थोर वाटते.

मादी ओळखणं अधिक अवघड, कारण आपल्याकडे बारमाही राहणारा कवड्या गप्पीदासही त्याच काटक्यांवर बसतो. त्याची मादी गडद राखी-तपकिरी आणि कंबरेपाशी तांबूस. पाहुणी उजळ असते, डोळ्यावर फिकट भुवई आणि पंखावर पांढरा डाग. उडताना पंख आणि कंबर बघावी.

पण परत कधी निघायचं, हे त्याला कसं कळतं? सायबेरियातलं बर्फ वितळलं की नाही, हे जेजुरीच्या माळावरून दिसत नाही. जर्मनीत एबरहार्ड ग्विनर आणि बार्बरा हेल्म यांनी याच्याच भाऊबंदांवर वर्षानुवर्षं काम केलं. दिवस-रात्रीची लांबी कायम सारखी ठेवलेल्या खोलीतही आफ्रिकी गप्पीदासांची पिसं ठरावीक काळाने गळत आणि विणीची तयारी होत राहिली. बाहेरचा इशारा नसल्याने हे चक्र बारा महिन्यांशी तंतोतंत जुळत नव्हतं. म्हणजे घड्याळ पक्ष्याच्या आतच होतं. स्थलांतर करणारे पक्षी पिंजऱ्यातही निघायच्या दिवसांत रात्ररात्र फडफडतात. केनियातले गप्पीदास जन्मभर एकाच जागी राहणारे; 2006 साली या दोघांनी दाखवून दिलं, की तेही अशा रात्री बेचैन होतात. कुठेही न जाणाऱ्या पक्ष्यातही प्रवासाची ओढ शिल्लक होती.

आपल्या माळाला कागदोपत्री ‘पडीक’ म्हणायची पद्धत आहे, आणि म्हणूनच तिथे दाट झाडं लावायचा उत्साह येतो. गप्पीदासाला हवी असते उघडी जमीन आणि तिच्यावर नजर ठेवायला एक उंच काटकी. ती जागा टिकली, तर यंदा मार्चअखेर तिथेच काळ्या डोक्याचा नर बघता येईल. सकाळी लवकर जा. रात्रीत तो निघालेला असू शकतो.