विश्लेषण : नवजात बाळ टाकून न देता कायदेशीररीत्या सोपवता येते का? अविवाहित आईचे हक्क काय?

बेवारस अर्भक सापडले की ‘मातृत्वाला काळिमा’ हा मथळा बातमीदारांच्या हाताशी तयारच असतो. त्यात बापाचा उल्लेख क्वचितच येतो. आणि ते बाळ गुन्हा न ठरता सोपवता आले असते, ही माहिती तर शेवटच्या ओळीतही नसते.

पंढरपुरात काय घडले होते?

माढ्याशेजारच्या पंढरपुरात दीडशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न होता. तेव्हा बहुतेकदा ती स्त्री विधवा असे. पुनर्विवाहाला घरचे तयार नसत आणि दिवस गेले तर दोष तिचा एकटीचा. १८७५ मध्ये तिथले न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर त्रवाडी यांच्या पुढाकाराने बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू झाले. मुंबईच्या प्रार्थना समाजाने ते चालवले, आजचा वा. बा. नवरंगे बालकाश्रम तो हाच. त्याआधी, १८६३ मध्ये, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी स्वतःच्या घरीच असे गृह उघडले होते. गुपचूप या, बाळंत व्हा, मूल न्या किंवा इथे ठेवा, असे त्यांचे जाहीर आवाहन होते. तिथे जन्मलेल्या यशवंतला त्यांनी दत्तक घेतले. तो पुढे डॉक्टर झाला. या घरांमध्ये आधी निवारा मिळायचा, हे महत्त्वाचे.

लंडनमध्येही वेगळे नव्हते. ‘विमेन ऑफ ट्वायलाइट’ या १९५२ च्या ब्रिटिश चित्रपटात कुणीच खोली देत नाही म्हणून अविवाहित माता एका लुबाडणाऱ्या घरमालकिणीच्या तावडीत सापडतात. आपल्याकडे १९६७ मध्ये विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधल्या बेणारेबाईंवर खेळातला खटला चालतो आणि ज्याच्यापासून दिवस गेले तो प्राध्यापक रंगमंचावर येतच नाही.

आज कायदा काय सांगतो?

गर्भपात : सज्ञान स्त्रीला फक्त स्वतःची संमती लागते. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. त्यापुढे चोवीस आठवड्यांपर्यंतची सवलत अविवाहितांनाही आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी स्पष्ट केले. मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर पालकाची लेखी संमती हवी आणि डॉक्टरला पोक्सोखाली पोलिसांना कळवावे लागते. मुलीने वा पालकाने विनंती केल्यास तिचे नाव न देण्याची मुभा याच निकालाने दिली. पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळणाऱ्या घरांनी हे आवर्जून वाचावे.

मूल वाढवायचे असेल तर : २०१५ च्या निकालानुसार अविवाहित आईला वडिलांचे नाव उघड न करता मुलाचे पालकत्व मागता येते. जन्मदाखल्यासाठी तिचे प्रतिज्ञापत्र पुरेसे आहे.

वाढवणे शक्य नसेल तर : बाल न्याय कायद्याच्या कलम ३५ नुसार मूल जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे सोपवता येते. चौकशी आणि समुपदेशन होते, मग समितीसमोर त्यागपत्रावर सही. अविवाहित आईची एकटीची सही चालते. अशा रीतीने मूल सोपवणे हा गुन्हा नाही. उघड्यावर टाकून देणे मात्र भारतीय न्याय संहितेनुसार सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे.

समितीपर्यंत कसे पोहोचायचे हे ठाऊक नसेल तर १०९८ ही मुलांसाठीची आणि १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे. सही केल्यानंतरही आईला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. त्या मुदतीत तिने मन बदलले, तर ती मूल परत मागू शकते.